कोपरा फाटलेलं कार्ड

सुरुवातीलाच माफी मागतो. पुरवणीत लिहिणारी माणसं वेगळी असतात, त्यांचे लेख मी वाचनालयात उभ्यानं वाचतो. मी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, निकाल अजून लागायचा आहे. परीक्षेतली उत्तरं आणि घरी धाडायची कार्डं यापलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही, आणि त्या कार्डांतलंही एक असं लिहिलं की त्याची शरम अजून जात नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते कुणी नावाजलेले गृहस्थ नव्हते. शेवगावच्या पुढं पाच-सहा कोसांवर आमचं गाव आहे, तिथं ते लोकांच्या हजामती करत. माझे मामा. गेणू त्यांचं नाव. त्यांना जाऊन सात आठवडे झाले. घरात लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून हे धाडस करतो. आणखी एक. घरात मी त्यांना 'अरे मामा' म्हणत आलो. इथं 'ते आले, ते म्हणाले' असं लिहायला घेतलं तर दोनच ओळींत ते दुसरेच कुणी वाटायला लागले. म्हणून यापुढं 'तो'च लिहितो. वाचणाऱ्यांनी उद्धटपणा समजू नये.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. सकाळी धोकटी काखेत मारून तो घराबाहेर पडायचा. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, दगड, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आरसा. वस्तऱ्यापेक्षा गेणूची जीभ जास्त चालते, असं गावात म्हणायचे. एकदा चावडीपुढं कुणाची तरी दाढी करताना मी त्याला ऐकलं होतं, "डोकं हालवू नका पाटील. तुमचं मत बरुबर हाय, पर कान माज्या हातात हाय." आमच्या खानदानात कॉलेजला गेलेला मी पहिला. त्या दिवसापासून मामानं माझं नाव टाकलं आणि मला 'कालेज' म्हणायला लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसवून त्यानं माझे केस कापले आणि बजावलं, "नगरात कुनाच्या हातात डोकं देऊ नको. लई झालं तर वाढव, पर देऊ नको." सुट्टीत मी घरी आलो की आधी हनुवटी धरून माझं डोकं दोन्हीकडं वळवायचा. "हे कुनी कापलं रं? मानसानं का शेळीनं?" मग प्रकृतीची चौकशी.

तंबाखूची चिमूट त्याच्या डाव्या गालात कायम असायची. तिथं एक फोड आला. न्हाव्याला तुरटीसारखं औषध दिसत नाही. कापलं तर तुरटी, पुटकुळी आली तर तुरटी. मामानं गालातल्या फोडालाही तुरटीच लावली, रोज सकाळी दाढीच्या पाण्याबरोबर, आणि असं सहा महिने केलं. रक्त थांबायचं, म्हणून त्याला वाटायचं गुण येतोय. दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तेव्हा तो भाकरी एकाच बाजूनं चावत होता. मी तोंड उघडायला लावलं, उन्हाकडं वळवून पाहिलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन निघालो. नगरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावली, बोट घालून चाचपलं, आणि मामाला बाहेर बसवून मला एकट्याला सांगितलं, "कॅन्सर आहे. पुण्याला न्या. उशीर झालाय, पण फार नाही." बाहेर आलो तर मामा बाकावर बसून समोरच्या माणसाच्या कल्ल्यांकडं बघत होता. म्हणाला, "काय म्हनला?" मी म्हटलं, "पुण्याला जायला सांगतात." "म्हंजी तेच," तो म्हणाला आणि बाकावरून उठला.

घरी दोन दिवस त्यावरच बोलणं चाललं. मामाचे थोरले चुलतभाऊ बाबूतात्या म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं मत. ते म्हणाले, "त्या रोगाला लोखंड लागलं की तो चवताळतोय. हाय तसं ऱ्हाऊ द्या." मी पुस्तकातल्यासारखं काहीतरी बोललो. मी कॉलेजात होतो, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी हौसामामी बोलली. ती चुलीपुढून उठली नव्हती, तिथूनच म्हणाली, "तू शिकल्यालं हाईस. तू म्हनशील तसं. पर जसा नेतोस तसा माज्या दारात आनून दे." मी म्हणालो, "आणतो, मामी." ... पुण्यात कोणत्या खिडकीवर कागद काढायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि मी माणूस परत आणून द्यायचा शब्द दिला.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बारीक अंगाचे, हळू बोलणारे, कोकणाकडचे होते. आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं, हे मी कधी विसरणार नाही. रोग काढायचा तर गालच काढावा लागेल, आरपार. मग तिथं भोक पडेल, खाल्लेलं-प्यालेलं बाहेर येईल. म्हणून मानेच्या बाजूचा एक स्नायू खालच्या टोकाला सोडवून वर वळवायचा आणि त्याची गालाला आतून भर द्यायची. वरून लावायला छातीची आणि खांद्याची कातडी.

"म्हंजी ठिगळ," मामा म्हणाला.

"ठिगळ सुटं असतं. हे सुटं केलं तर मरेल," डॉक्टर म्हणाले. "कातडीचं एक टोक छातीलाच ठेवायचं, तिथून तिला रक्त मिळत राहतं. दुसरं टोक गालाला शिवायचं. तीन आठवड्यांनी ती गालाकडून रक्त घ्यायला लागली, की मग छातीकडचं कापायचं. आंब्याचं भेटकलम बघितलंय ना? तसंच."

"आमच्याकडं आंबा कुटला सायेब, समद्या बाभळी," मामा म्हणाला. डॉक्टर हसले. मग मामानं जरा दबकत विचारलं, "एक इचारू? तुमचं हत्यार कंच्या दगडावर लावता?" डॉक्टर म्हणाले, आमची पाती एकदा वापरली की टाकून देतात. मामाच्या तोंडावर जी हळहळ आली ती स्वतःचा रोग कळल्यावरही आली नव्हती. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मानूस बरा हाय. पर हत्याराची कदर न्हाई."

वॉर्डात त्याला खाट मिळाली. दुपारी म्हणाला, "कालेज, ते कलमाचं मला काय उमगलं न्हाई. पुन्यांदा सांग." माझ्या पुस्तकात एक कोरं कार्ड होतं, घरी लिहायला आणलेलं. मी त्याच्या मधोमध पेन्सिलीनं एक गोल काढला. म्हटलं, हा गाल. मग कार्डाच्या कोपऱ्याकडून एक पट्टी फाडत आणली, पण एका बाजूनं जोडलेलीच ठेवली, आणि ती वळवून गोलावर टेकवली. "ही छाती. हे असं वळवायचं. बघ, तुटलेलं नाही कुठं." मामानं कार्ड हातात घेतलं. पट्टी वळवली, सरळ केली, परत वळवली. कातडी ताणून धरायची सवय असलेली ती बोटं... चौथ्या-पाचव्या वेळी पट्टी सुटून त्याच्या हातात आली.

"तुटलं की रं," मामा म्हणाला.

मी म्हणालो, "कागद आहे मामा. कागदात रक्त नसतं."

हे मला कसं सुचलं, ठाऊक नाही. मामानं तो कपटा नीट दुमडून धोकटीच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाला, "मग हुंदे." त्याची संमती ती एवढीच. कार्ड मी परत पुस्तकात घातलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी छातीवरचे केस काढायला दवाखान्याचा माणूस आला. मामाच्या अंगावर केस दाट. त्या माणसाचं पातं बोथट होतं, दुसऱ्याच फिरवणीला मामानं त्याचं मनगट धरलं. "ठिव ते. बकरं सोलतोस का?" आणि धोकटीतून स्वतःचा वस्तरा काढून, पट्ट्यावर चार हात मारून, मला आरसा धरायला लावून त्यानं छाती, खांदा, मान, सगळं स्वतः साफ केलं. डॉक्टर आले तेव्हा तिथून हात फिरवून म्हणाले, "कुणी केलं हे? याला आमच्याकडेच ठेवून घेऊ." मामा स्ट्रेचरवर चढला तो अशा खुशीत.

दिवे लागायच्या वेळेला त्याला बाहेर आणलं. मी त्याला ओळखलं ते पायांवरून. मान डावीकडं कललेली, पट्ट्यांनी जखडलेली, नाकात नळी, आणि छातीपासून गालापर्यंत गुंडाळलेल्या पोळीसारखी कातडीची वळी. पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, मनासारखं झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मामीला लिहायला घेतलं. पेटीतलं टपाल न्यायची वेळ झाली होती, शिपाई कुलूप उघडत होता, आणि माझ्याजवळ कार्ड एकच होतं. वर 'श्री' घातला. लिहिलं: मामाचे ऑपरेशन झाले. मामा सुखरूप आहे, डॉक्टर समाधानी आहेत, काळजी नसावी, इकडे येण्याची घाई करू नये. शिपायाच्या हातातच दिलं आणि मोकळा श्वास घेतला.

आमच्या भागात मृत्यूची बातमी कळवायची ती कार्डाचा कोपरा फाडून आणि वर 'श्री' न घालता. तसं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचून तिथंच फाडून टाकतात. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता येणार नाही. माझे वडील गेले तेव्हा पाहुण्यांना धाडायच्या कार्डांचे कोपरे मी स्वतः ओट्यावर बसून फाडले होते. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांना ते कार्ड गाल आणि छातीच दिसत होतं. त्याला कोपरा नाही, हे मला दिसलंच नाही.

पुढचे दिवस मी मामाच्या उशाशी होतो. डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं. दर थोड्या वेळानं गालाला लावलेल्या कातडीवर बोट अलगद टेकवायचं आणि उचलायचं. पांढरं होऊन परत गुलाबी झालं तर ठीक. निळं-काळं पडायला लागलं तर पळत येऊन सांगायचं. मी इतका अभ्यास कधी कशाचा केला नाही. एकदा माशी येऊन त्या गालावर बसली, तर मामाचा हात छातीकडं गेला आणि तिथं झटकायला लागला. मग स्वतःच थांबला आणि डोळ्यांनीच मला विचारलं, हे काय? मी डॉक्टरांना विचारून आलो. कातडी अजून स्वतःला छातीच समजते, ते म्हणाले. मामाला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. बोलायची बंदी होती, म्हणून त्याचं सगळं हसणं तेव्हा तिथंच राहायला गेलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात बाबूतात्या उभे राहिले. बरोबर भावकीतले दोघं. फेटे नव्हते, डोकी बोडकी, आणि एकाच्या काखेत नवं पांढरं कापड. मला वाटलं आजाऱ्याला पांघरायला आणलंय. तात्या खाटेपाशी आले, मामाकडं बघितलं. खाली बसले.

"गेन्या... हाईस व्हय तू?"

मामानं हात वर करून हलवला. हाय.

"आरं, दोन घंटं झालं, तिकडं मुडदाघरात भांडतुया आमी! आमचा मानूस द्या, आमचा मानूस द्या. तो बाबा म्हनतो तुमचा मानूसच न्हाई हितं. मी म्हनलं इकला का काय यांनी!"

मला काहीच कळेना. मी म्हटलं, "तात्या, मी तर सुखरूप आहे म्हणून लिहिलं होतं. वाचलं नाही का कुणी?" तात्या माझ्याकडं वळले. "वाचायचं काय त्यात? त्याला कोपराच न्हाई! टपालवाल्यानं येशीभायेर माज्या हातात ठिवलं आन मान खाली घालून गेला. मी तितंच फाडलं आन वढ्यात टाकलं. कालेजात ह्येच शिकवत्यात का तुमास्नी?"

तेव्हा कुठं मला सगळं दिसलं. मी खाली मान घातली. आणि खाटेवरून एक विचित्र आवाज आला, नळीतून पाणी खळखळावं तसा. मामा हसत होता. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. सिस्टर पलीकडून धावत आली. "हसू नका! ओ, हसवू नका त्यांना, टाके सुटतील!" पण तात्यांच्या बरोबरचा माणूस ते पांढरं कापड पाठीमागं लपवायला लागला आणि मामाला ते दिसलं, मग तर त्याला आवरेना. मी बोट टेकवून पाहिलं. गुलाबी होतं. तेवढ्यात तात्या एकदम उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हौसा..." एवढंच बोलून ते त्याच पावली एस.टी. गाठायला निघाले.

घरी काय झालं होतं ते मला नंतर आईकडून कळलं. बाया गोळा झाल्या होत्या. मामीच्या बांगड्या फोडायला म्हाताऱ्या पुढं झाल्या, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीला पाठ लावून बसली. म्हणाली, "जवर डोळ्यांनी बगत न्हाई तवर कुनी हात लावायचा न्हाई. माज्या भाच्यानं सबूद दिलाय." दोन दिवस ती तशीच बसली. कुणी म्हणालं वेड लागलं, कुणी म्हणालं बया निबर हाय. तिसऱ्या दिवशी तात्या परतले आणि वेशीतूनच ओरडत आले. ती उठली म्हणे आणि चूल पेटवली. त्या दोन दिवसांबद्दल तिनं मला पुढं एका शब्दानं कधी टोचलं नाही, आणि तेच मला जड जातं. माझा शब्द तिनं जितका खरा धरला, तितका खरा तो नव्हता.

तीन आठवड्यांनी छातीकडचं टोक कापलं. पट्ट्या निघाल्यावर मामा बोबडा का होईना बोलायला लागला. त्याचं पहिलं बोलणं: "मेल्याची आवई उठली की आयुक्श वाढतंय म्हनत्यात. वाढवलंस लेका दोन वर्सं." मग एके सकाळी त्यानं धोकटीतला आरसा मागितला. मी घाबरत दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात दिलेला आरसा त्यानं स्वतःपुढं धरला आणि सावकाश इकडून तिकडं वळवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग तो म्हणाला, "टाकं बारीक हायेत. हात चांगला हाय त्याचा. पर कानापाशी एक जरा वाकडा गेलाय."

घरी पोचलो तेव्हा मामी दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. ओवाळून टाकला. शेजारणी मामाकडं बघून नजर चुकवत होत्या, एक लहान पोरगी रडत आत पळाली. मामानं उपरण्याचा सोगा तोंडावर ओढला. मामीनं तो बाजूला केला, जवळून पाहिलं, आणि गालावर एके ठिकाणी बोट ठेवलं. "हा तीळ खांद्यावरचा न्हवं का?" मामा म्हणाला, "व्हय. त्योच." "मग हाय की समदं. नुस्तं हिकडचं तिकडं झालंय," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मला वाटतं, त्या दिवशी मामा खऱ्या अर्थानं घरी आला.

पुढची दोन वर्षं सोपी होती असं मी म्हणणार नाही. भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून खायची, ओघळ आला की पुसायचा. पंगतीत बसणं त्यानं सोडलं. पण धोकटी सोडली नाही. पहिले काही दिवस लोक बिचकले, मग त्यांच्या वाढलेल्या दाढ्यांनीच त्यांना परत आणलं. नव्या गालावर छातीचे केस उगवले, आणि ते उलट्या दिशेनं. त्याला त्याचं भारी अप्रूप. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, "हितं वस्तरा खालून वर. समद्या जिल्ह्यात आसा एकच गाल हाय." मला महिन्याला त्याचं एक कार्ड यायचं, शाळेतल्या गुरुजींच्या हातचं. मजकूर बहुतेक तोच, आणि शेवटी न चुकता एक ओळ: 'कार्डाचे चारही कोपरे मोजून घेणे.' भेटला की म्हणायचा, "एक दिस तुला बी तसलंच कार्ड धाडतो. बगू तुजी काय गत हुतीया."

यंदाचा दुष्काळ सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर मी काय लिहिणार. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं, तर मामाही धोकटी घेऊन तिथं जाऊन बसला. संक्रांतीला मी गेलो तेव्हा त्याची मान पार आखडली होती, हात वर जात नव्हता. सकाळी ओट्यावर बसला आणि वस्तरा माझ्यापुढं धरला. "कर." मी आयुष्यात कुणाची दाढी केलेली नव्हती. घरात हा धंदा असून मी तो शिकलो नाही, पुस्तकं घेऊन लांब बसलो. मामानं मला त्यासाठी कधी बोल लावला नव्हता. धोकटी उघडली तर कप्प्यात, तुरटीच्या शेजारी, तो कार्डाचा कपटा होता. मी फेस केला. उजवा गाल वरून खाली, डावा खालून वर. तो मधूनमधून सांगत होता, "ताण. कातडी ताण. भितोस काय, त्या गालाला लागत न्हाई." मग जबड्याच्या खाली, मानेच्या वळणावर, वस्तरा कशावरून तरी चढला आणि माझा हात थांबला. बोरापेक्षा मोठं, टणक.

मामानं डोळे उघडले नाहीत. "आडला न्हवं?" म्हणाला. "माजा बी आडला. पंदरा दिस झालं."

"मामा, पुण्याला..."

"न्हाई. येकदा गेलो, तू आनलंस. झालं." मग म्हणाला, "भाकरी कुस्करून खाल्ली, पर दोन वर्सं खाल्ली. तुला वाटत आसंल, उगी नेलं मामाला. तसं वाटून घिऊ नको. हां, आता वस्तरा चालव, फेस वाळतोय. आन हौसाला काय बोलू नको." मी बाकीची दाढी पुरी केली. एकदाही कापलं नाही. शेवटी तुरटी फिरवली. त्यानं आरसा मागून घेतला, हनुवटी वर करून पाहिलं आणि म्हणाला, "शिकला आसतास तर बरा न्हावी झाला आसतास." एस.टी.त बसल्यावर मला कळलं की त्याला एवढं बोलायला किती त्रास पडला असेल.

माघात एक कार्ड आलं, चारही कोपऱ्यांचं. मग महिना-सव्वा महिना काही नाही. परीक्षेला नऊ दिवस होते. आमच्या वसतिगृहाच्या जिन्यात टपाल ठेवायची एक फळी आहे, तिच्यावर कार्ड पडलं होतं, पत्त्याची बाजू वर. उजवा कोपरा नव्हता. आणि मला हसू आलं. खरं तेच सांगतो, हसूच आलं. मला वाटलं, साधला डाव मामानं, गुरुजींनाही सामील करून घेतलं. जिन्यातल्या मुलाला ते दाखवावं म्हणून मी हाकही मारली होती. मग कार्ड उलटलं. वर 'श्री' नव्हता. तरीही मी ती कोपरे मोजायची ओळ शोधत राहिलो. रीतीप्रमाणं ते कार्ड मी फाडून टाकायला हवं होतं. अजून वहीत आहे, म्हणून शब्द जसेच्या तसे देता येतात. 'तुझे मामा परवा सकाळी वारले. परीक्षा टाकून येऊ नये, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे.' त्याखाली थोडी जागा सोडलेली, आणि मग गुरुजींच्याच अक्षरात आणखी एक ओळ: 'हौसाबाई सांगतात की, कोपरा त्यांनी आपल्या हाताने फाडला आहे. चुकून फाटलेला नाही.'